२०० तासांचं सीपीएल नेमकं किती महिन्यांत होतं? तास कसे मोजायचे, कुठे अडकतात आणि आधी काय उरकून घ्यायचं

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी तोच प्रश्न येतो, कमर्शियल पायलट लायसन्सला, म्हणजे सीपीएलला, किती तास लागतात, आणि उत्तरही ठरलेलंच, २०० तास. उत्तर बरोबर आहे पण अर्धवट आहे, कारण २०० ही नुसती बेरीज झाली, तिच्या आत वेगवेगळे कप्पे आहेत आणि फाइल गेल्यावर डीजीसीए, म्हणजे लायसन्स देणारं सरकारी विमान वाहतूक खातं, त्या प्रत्येक कप्प्यात डोकावते. शिवाय घरच्यांना खरं तर तास विचारायचेच नसतात, महिने विचारायचे असतात, कारण कर्जाचं व्याज आणि हॉस्टेलचं भाडं महिन्यावर चालतं. म्हणून आधी कप्पे सांगतो, मग त्यांचे महिने कसे होतात ते, आणि मग कुठल्या क्रमाने गेलं तर कमी अडकाल ते. हे सगळं भारतातल्या, म्हणजे डीजीसीएच्या विमानाच्या सीपीएलबद्दल आहे, हेलिकॉप्टरचं गणित वेगळं. आणि नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्जाच्या आधी डीजीसीएच्या साइटवर एकदा स्वतः वाचून घ्याच.

२०० च्या आत काय काय असतं

अर्जाच्या तारखेच्या मागच्या ५ वर्षांत किमान २०० तास फ्लाइंग झालेलं पाहिजे. त्यातले किमान १०० तास पीआयसी, म्हणजे पायलट इन कमांड, आणि स्टुडंटच्या बाबतीत याचा सरळ अर्थ सोलो, शेजारची सीट रिकामी. या १०० पैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतले हवेत. मग पीआयसी म्हणून क्रॉस कंट्री, म्हणजे आपलं एअरपोर्ट सोडून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण, किमान २० तास, त्यात एक मोठी ट्रिप ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगवेगळ्या एअरपोर्टवर उतरून पूर्ण थांबायचं. इन्स्ट्रुमेंट टाइम, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडणं, किमान १० तास, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर. नाईट ५ तास, त्यात पीआयसी म्हणून १० टेकऑफ आणि १० लँडिंग, आणि हेही शेवटच्या ६ महिन्यांतलं.

इथपर्यंत झालं नुसतं सीपीएल. पण नुसत्या सीपीएलवर एअरलाइन तुम्हाला विचारणार नाही, इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे आयआर लागतंच, आणि त्याची अट जास्त कडक आहे. क्रॉस कंट्री पीआयसी २० वरून ५० तासांवर जातं आणि इन्स्ट्रुमेंट टाइम १० वरून ४० वर, त्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. वर मल्टी इंजिन एन्डॉर्समेंट, त्यासाठी साधारण १५ तास. म्हणून बहुतेक शाळांच्या पत्रकात १८५ सिंगल इंजिन अधिक १५ मल्टी असं लिहिलेलं दिसतं.

आता हे वहीत मांडून बघा. १०० तास सोलो, त्यातले ५० क्रॉस कंट्री. १५ मल्टी. उरले ८५, हे इन्स्ट्रक्टरबरोबरचे ड्युअल तास. या ८५ मध्ये पहिल्या सोलोपर्यंतचं सगळं शिकणं, क्रॉस कंट्री दाखवायच्या ड्युअल ट्रिपा, हूड, म्हणजे बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायचा आडोसा, लावून केलेलं इन्स्ट्रुमेंट, नाईटचं ड्युअल, आणि दर थोड्या तासांनी होणारे चेक, एवढं बसवायचं असतं. एक तास दोन कप्प्यांत मोजला जाऊ शकतो, म्हणजे ड्युअल क्रॉस कंट्रीवर हूड लावला तर तो ड्युअल पण आणि इन्स्ट्रुमेंट पण, सोलो क्रॉस कंट्री हा पीआयसी पण आणि क्रॉस कंट्री पीआयसी पण. चांगला इन्स्ट्रक्टर प्रोग्राम लावताना हे बघतो. लक्ष नसेल तर १९० तास होतात आणि मग कळतं की सोलो अजून ८२ च झालेत, आता पुढचे १८ तास तर सोलो उडावेच लागणार, म्हणजे २०८, आणि वरचे ८ तास तुमच्या खिशातून.

म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची वेगळी वही ठेवा किंवा मोबाइलवर शीट करा, टोटल, ड्युअल, पीआयसी, क्रॉस कंट्री पीआयसी, इन्स्ट्रुमेंट विमानातलं, इन्स्ट्रुमेंट सिमवरचं, नाईट, मल्टी, एवढे रकाने. दर रविवारी भरा. शाळेच्या ऑफिसवर सोडू नका, त्यांच्याकडे तुमच्यासारखे शंभर जण असतात.

अजून एक, तास म्हणजे चाकं जमिनीवरून सुटल्यापासूनचा वेळ असं बऱ्याच जणांना वाटतं. लॉगबुकातला फ्लाइट टाइम मोजतात तो विमान टेकऑफसाठी स्वतःच्या ताकदीवर हललं तिथपासून ते उतरून शेवटी थांबलं तिथपर्यंत, म्हणजे टॅक्सी धरून. बिल मात्र कशावर करतात, चॉक टू चॉक, म्हणजे पार्किंगमधून निघाल्यापासून परत थांबेपर्यंत, की इंजिनच्या मीटरवर, हे ॲडमिशनच्या आधी विचारा, वर्षभरात फरक चांगलाच पडतो. आणि सिम्युलेटरचे तास २०० च्या पॅकेजच्या आत दाखवलेत की वेगळे, हेही कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

तासांचे महिने कसे होतात

हा भाग नीट वाचा, सगळी गोम इथेच आहे.

समजा एका शाळेत कागदावर १० विमानं आहेत. त्यातली उडण्याजोगी किती? सेसना १७२ सारख्या विमानाला ५० आणि १०० तासांची तपासणी असते, रोज ५ तास उडालं तर दर २० दिवसांनी १०० तासांची तपासणी येते. एखादं इंजिन ओव्हरहॉलला गेलेलं, एखाद्याचा पार्ट बाहेरून यायचाय. हँगरमध्ये उभी विमानं ब्रोशरमध्ये मोजणं म्हणजे डेपोत पडलेल्या एसट्या टाइमटेबलात दाखवण्यासारखं आहे. तर धरा ६ उडतात, रोज ५ तास, झाले ३० तास. विद्यार्थी ९० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला २० मिनिटं. २०० तासांना ६०० उडण्याचे दिवस. वर्षात पाऊस, धुकं, वारा, सुट्ट्या, एअरस्पेस बंद हे सगळं वजा करून २२० दिवस धड मिळाले असं धरलं तर पावणेतीन वर्षं. तीच ६ विमानं आणि विद्यार्थी ४५, तर दिवसाला ४० मिनिटं, ३०० दिवस, म्हणजे साधारण एक वर्ष चार महिने. दोन्ही शाळांचं पत्रक सारखंच असेल, दोघीही तुम्हाला २०० तासच देणार आहेत.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण हिशोब असाच करायचा आणि आकडे शाळेकडून घ्यायचे. काउन्सेलरला विचारू नका, तो ‘बारा ते चौदा महिने’ म्हणणारच, त्याचं कामच ते. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, जा, सकाळी सात ते अकरा तिथे थांबा, किती विमानं उडाली ते स्वतः मोजा. कॅन्टीनमध्ये सीनियर बॅचच्या पोरांना विचारा, तू कधी आलास आणि आज तुझे किती तास झालेत, चार जणांना विचारलं की शाळेचा खरा वेग कळतो. २०२५ पासून डीजीसीएने फ्लाइंग स्कूल्सचं रँकिंगही सुरू केलंय, ते बघाच, पण रॅम्पवरची सकाळ जास्त सांगते.

विमानांइतकाच इन्स्ट्रक्टरचा प्रश्न. इन्स्ट्रक्टरमध्ये असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर, फ्लाइट इन्स्ट्रक्टर, डेप्युटी सीएफआय, चीफ म्हणजे सीएफआय अशा पायऱ्या असतात, आणि असिस्टंटला कुणाला पहिल्या सोलोला सोडायचा अधिकार नसतो. त्यामुळे शाळेत असिस्टंट भरपूर पण वरचा माणूस एकच, आणि तो रजेवर किंवा टेस्ट घ्यायला दुसरीकडे गेलेला, अशा ठिकाणी सोलो चेकसाठी रांग लागते. बारा-पंधरा तास झालेला पोरगा दोन-तीन आठवडे नुसता बसला की हात जातो, लँडिंग बिघडतं, मग परत ड्युअल, परत पैसे. म्हणून सोलोला सोडणारे इन्स्ट्रक्टर किती, हा प्रश्न मी विमानांच्या आकड्याच्या आधी विचारेन.

हवामान आणि जागा

महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, जळगाव, नागपूर अशी फ्लाइंगची ठिकाणं आहेत, अमरावतीच्या बेलोऱ्यालाही एअर इंडियाची मोठी शाळा ठरलीय. सगळी लहान गावांत का, तर मुंबईसारख्या गर्दीच्या आकाशात स्टुडंटला सर्किट मारायला, म्हणजे रनवेभोवती फेरी मारून परत उतरायला, जागाच मिळत नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, जुहूचा, भारतातलं १ नंबरचं लायसन्स जेआरडींना १९२९ मध्ये मिळालं तो काळच वेगळा, आता त्याच क्लबचं फ्लाइंग धुळ्याला चालतं.

जागा निवडताना नकाशा उघडा. बारामती पर्जन्यछायेत, त्यामुळे पावसाळ्यात कोकणाच्या किंवा पूर्व विदर्भाच्या मानाने बरे दिवस मिळतात, पण जून-जुलैत वारा असतो आणि क्रॉसविंडमध्ये नवीन पोरांना सोलो सोडत नाहीत. विदर्भात एप्रिल-मे मध्ये अकरानंतर एवढं तापतं की विमान चढायला आळस करतं आणि खालून गरम हवेचे धक्के बसतात, मग सकाळचे चार तास आणि संध्याकाळचा एक एवढंच खरं. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीचं धुकं. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इग्रुआ ही सरकारी अकादमी, तिनेसुद्धा गोंदियाला फ्लाइंग सुरू केलं ते काही उगाच नाही. व्हिज्युअल फ्लाइंगला साधारण ५ किलोमीटर व्हिजिबिलिटी आणि १५०० फुटांचं सीलिंग, म्हणजे ढगांच्या तळाची उंची, लागतं, त्याच्या खाली गेलं की बोर्डावर डब्ल्यूएक्स, म्हणजे वेदर, लिहायचं आणि चहा प्यायचा.

यातून माझं मत असं की पाऊस ग्राउंडच्या अभ्यासाला द्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फ्लाइंग सुरू करा. ऑक्टोबर ते मार्च हा महाराष्ट्रातला सोन्याचा काळ. या सहा महिन्यांत विमान मिळालं तर शंभरच्या आसपास पोचणं शक्य आहे, जूनमध्ये सुरू केलेल्याचे ऑक्टोबरपर्यंत वीस-पंचवीस पण होत नाहीत आणि उगाच वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

क्रम काय ठेवायचा

पहिलं मेडिकल, फीचा एक रुपया भरायच्या आधी. आधी डीजीसीएच्या पॅनलवरच्या डॉक्टरकडे क्लास २, मग क्लास १, जे एअर फोर्सच्या किंवा मान्यता असलेल्या सेंटरवर होतं. अपॉइंटमेंट मिळण्यात वेळ जातो, आणि टेम्पररी अनफिट आला तर उपचार, परत तपासणी, अजून काही महिने. क्लास २ वर एसपीएल, म्हणजे स्टुडंट पायलट लायसन्स, निघतं आणि उडायला सुरुवात होते म्हणून बरेच जण क्लास १ पुढे ढकलतात. हे करू नका. पन्नास लाखांच्या घरातला खर्च असतो, तो रंगांधळेपणाची किंवा ईसीजीची शंका मिटल्यावरच सुरू करा.

शिक्षण बारावी, फिजिक्स आणि मॅथ्ससह. कॉमर्स किंवा आर्ट्सवाले एनआयओएस या ओपन स्कूलमधून हे दोन विषय देऊ शकतात. वय सीपीएलला १८ पूर्ण, एसपीएल १६ ला निघतं.

मग पेपर. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक, पाच पेपर, प्रत्येकात ७० टक्के. वर्षातून चार रेग्युलर सेशन असतात, म्हणजे एक पेपर राहिला की गेले तीन महिने. निदान नेव्हिगेशन, मेट आणि रेग्युलेशन्स हे तीन खिशात टाकूनच फ्लाइंगला जा. उडताना अभ्यास होतो असं सगळे म्हणतात, होत नाही, पहाटे पाचला उठून ब्रीफिंगला जायचं, दुपारी उन्हाने डोकं उठलेलं, रात्री उद्याचा प्रोग्राम लागायची वाट बघायची, यात नेव्हिगेशनची गणितं कोण करणार. आरटीआर हा रेडिओचा वेगळा पेपर, आधी दूरसंचार खात्याकडे होता, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ नंतर डीजीसीएकडे आला. तोही लवकर द्या, तोंडी भागात भले भले अडखळतात आणि तो नसेल तर २०० तास होऊनही लायसन्स निघत नाही.

फ्लाइंगचा क्रम शाळा ठरवते पण साधारण असा. पहिले १५ ते २५ तास ड्युअल, सरळ उडणं, टर्न, स्टॉल, मग सर्किट आणि लँडिंग, लँडिंग, लँडिंग. पहिला सोलो कितव्या तासाला झाला यावरून हॉस्टेलवर जी चढाओढ चालते तिकडे लक्ष देऊ नका, एअरलाइनचा इंटरव्ह्यू घेणारा ते विचारत नाही. मग सोलो सर्किट, सोलो जनरल फ्लाइंग, ५०-६० तासांच्या आसपास क्रॉस कंट्री सुरू. इथे महिने वाचवता येतात, कारण क्रॉस कंट्रीची एक ट्रिप अडीच-तीन तासांची असते, सर्किटच्या एकेका तासाने ५० तास भरायला जन्म जाईल. उदाहरणार्थ बारामती, नांदेड, लातूर, परत बारामती हा त्रिकोण सरळ रेषांनी मोजला तर ३०० नॉटिकल मैलांच्या वर जातो आणि दोन ठिकाणी उतरणंही होतं, १०० नॉटच्या विमानाला साडेतीन तास धरा. पण त्या दिवशी तिथल्या एअरपोर्टचे वॉच अवर्स म्हणजे चालू असायच्या वेळा, पार्किंग, परवानगी, इंधन आणि तिन्ही ठिकाणचं हवामान, सगळं जुळायला लागतं. त्यामुळे मोठ्या ट्रिपचा फ्लाइट प्लॅन, नॅव्हलॉग आणि नकाशा कायम तयार ठेवा, सकाळी एखाद्याचं कॅन्सल झालं आणि सीएफआयने विचारलं कोण तयार आहे तर हात वर करता आला पाहिजे. अशी किती तरी पोरं फक्त कागद तयार असल्यामुळे महिनाभर पुढे गेलेली बघितलीयेत.

इन्स्ट्रुमेंटमध्ये सिमचे तास पावसाळ्यासाठी राखून ठेवा, बाहेर बदाबदा कोसळत असताना सिम मोकळंच असतं. विमानातलं इन्स्ट्रुमेंट मात्र सिमनंतर लगेच करा, मध्ये दोन महिने गेले तर स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवायचा सराव, विसरायला होतो.

नाईट, मल्टी आणि टेस्ट हे तिन्ही शेवटी, आणि एकमेकांना चिकटून. कारण ती ६ महिन्यांची अट. नाईटचे ५ तास लवकर उरकले, मग मल्टीचं विमान बंद पडलं, मग टेस्ट लांबली, की नाईट मुदतीबाहेर आणि परत उडा. स्किल टेस्टही अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतल्याच लागतात. डे जनरल फ्लाइंग, नाईट जनरल फ्लाइंग, दिवसाची २५० नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री टेस्ट, रात्रीची १२० ची, जी न थांबता परत घरी यायची, आणि आयआर टेस्ट, जी बऱ्याच ठिकाणी मल्टीवरच घेतात. शाळेत मल्टी विमान बहुतेक एकच असतं, डीए ४२ किंवा टेक्नाम किंवा सेनेका, ते आज उडतंय का आणि मागच्या सहा महिन्यांत किती दिवस बंद होतं हे ॲडमिशनलाच विचारा. रनवेला लाइट आहेत का हेही विचारा, नसतील तर नाईटसाठी बॅच दुसऱ्या गावी नेतात आणि दहा जण जमेपर्यंत थांबवतात.

यासाठी उलटा हिशोब करा. अर्जाचा महिना आधी ठरवा, त्याच्या मागे दोन महिने टेस्ट, त्याच्या मागे मल्टी, नाईट. हे तुकडे जून ते सप्टेंबरमध्ये पडत असतील तर क्रम बदलता येतो का ते सीएफआयशी बोला.

अमेरिकेत लवकर होतं म्हणतात त्याचं

होतं, विमानं जास्त आणि फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या ठिकाणी उडण्याचे दिवसही जास्त. तिथे पार्ट ६१ या नियमाखालच्या शाळेत कमर्शियलला २५० तास लागतात, पार्ट १४१ च्या मंजूर कोर्सने सगळं मिळून १९० पर्यंत खाली येतं. पण ते एफएएचं, म्हणजे तिकडच्या डीजीसीएचं, सर्टिफिकेट झालं, इकडे येऊन कन्व्हर्ट करायचं तर डीजीसीएचे कप्पे भरलेले पाहिजेत, आणि १९० वाले २०० ला कमी पडतात हे तर उघडच आहे. खरी ठेच पीआयसीला लागते. तिकडे लायसन्स असलेला स्टुडंट इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाही कंट्रोल त्याच्या हातात असेल तर पीआयसी लिहू शकतो, शिवाय दोघं मिळून उडायचं, एक हूडखाली आणि दुसरा सेफ्टी पायलट, आणि दोघंही तास लिहितात. इकडे असे तास पीआयसीत धरत नाहीत. जाणार असाल तर पहिल्या दिवसापासून १०० तास खरोखर एकट्याने उडालेले वेगळे मोजा, आणि स्किल टेस्टचं काय, तिकडे दिलेल्या कुठल्या इकडे मान्य होतील आणि कुठल्या परत आल्यावर द्याव्या लागतील, हे विमानात बसायच्या आधी विचारून घ्या. परत आल्यावर रेग्युलेशन्सचा आणि नेव्हिगेशन-मेटचा एकत्र पेपर असतोच, त्याचा वेळही धरा.

फाइल

लॉगबुक रोजच्या रोज लिहा, खाडाखोड नको, चुकलं तर एक रेघ मारून सही. तुमच्या नोंदी, विमानाचं टेक लॉग आणि शाळेचं ऑथोरायझेशन बुक, तिन्हीकडे तारीख, विमानाचा नंबर आणि वेळ सारखीच हवी. २०११ मध्ये खोट्या मार्कशीट आणि न उडालेल्या तासांची प्रकरणं बाहेर आली होती, लायसन्सं गेली, पोलीस केस झाल्या. त्यामुळे कुणी ‘दोन तास कमी आहेत ना, लिहून टाकू’ म्हणालं तर तिथून उठा, पार्कर पेनचे, म्हणजे न उडता नुसते लिहिलेले, तास लगेच ओळखू येतात.

अर्ज ईजीसीए पोर्टलवर. अपलोड करायच्या आधी मेडिकलची तारीख बघा, क्लास १ तरुणांना वर्षभरच चालतं आणि नेमकं अर्जाच्या महिन्यात संपलेलं असतं. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि पासपोर्टवर एकच आहे का, हे तर आजच बघा, आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं लावायचं की नाही यावरून कागदोपत्री तीन वेगवेगळी माणसं तयार होतात आणि त्याच्या क्वेरीत एक महिना सहज जातो.